पंचमीचं पाणी

दामूनं दोराचं टोक दातांत धरलं, डाव्या हातानं फेरा ओढला आणि मान मागे झटकून गाठ आवळली. मग पाटीला गुडघ्यानं धक्का देऊन पाहिलं. पाटी हलली नाही. सायकलच हलली, अंगणाच्या कुडाला टेकली आणि तिची घंटी आपोआप किणकिणली.

"बसली," तो म्हणाला.

मंजुळा कंदील धरून उभी होती. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोन पाट्या; एकीत सुके बोंबील, दुसरीत मांदेली. हँडलला जवळ्याचं गाठोडं. मधे कॅरियरवर गोणपाटाची घडी, ती तिला बसायला. होडीत माल भरताना भार दोन्ही बगलांना वाटतात, तसा त्यानं तो वाटला होता. उजव्या हाताची मधली दोन बोटं गेल्या साली होडीच्या नांगराच्या दोरानं नेली होती. तेव्हापासून तो गाठी दातांनी मारायचा, आणि कुणी बघत असलं की पाठ फिरवून मारायचा. आज त्यानं पाठ फिरवली नव्हती. मंजुळानं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"पंचमी हाय," तो म्हणाला. "साडेनवाला पाणी तळाला जाईल. तवा आपण नदीवर पायजे. बघ तू, उतार कसा मोकळा गावतो."

मंजुळानं बोलायला तोंड उघडलं, आणि कंदिलाची वात खाली केली.

शिरगावच्या मांगेलआळीत दामूला सगळे तांडेल म्हणत. होडीवर नाखव्याचा पैसा असला तरी शब्द तांडेलाचा. जाळं कुठं टाकायचं, कधी ओढायचं, वारा फिरला तर कुठल्या खाडीत शिरायचं, हे तो सांगायचा आणि बाकीचे ऐकायचे. बोटं गेली आणि शब्दही गेला. ज्याला दोर धरता येत नाही त्यानं दुसऱ्याला दोर धर म्हणून कोणत्या तोंडानं सांगावं? तो होडीवरून उतरला तो उतरलाच. मग आळीतला जो तो त्याला शिकवू लागला. सदऱ्याची गुंडी अशी लाव, भाकरी अशी मोड, हात उशाला घेऊन निजू नको. सगळं ऐकून घ्यायचा. भरती-ओहोटीचं मात्र अजून लोक त्यालाच विचारायला यायचे. एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे शिल्लक राहिली होती.

आणि आज त्याच गोष्टीत तो चुकला होता.

मंजुळा लग्न होऊन आली तेव्हापासून सासूच्या मागून सुकी मासळी घेऊन डोंगरातल्या पाड्यांवर जायची. सासू गेली, वाट राहिली. दर पंधरवड्याला पंचमी गाठून निघायचं, पालघर ओलांडायचं, वाघोबाची खिंड चढायची आणि पलीकडे सूर्या नदीच्या उताराशी यायचं. उतार म्हणजे नदीतली पायवाट, पाणी कमी असलं की मांडीपर्यंत भिजून पार होता येतं. समुद्राची भरती तिथवर पोचते. पण पोचते दमून, रेंगाळत. आणि मागे फिरते तीही तशीच. किनाऱ्यावर ओहोटी लागून पुन्हा पाणी चढू लागतं, तरी तिकडे नदी भरलेलीच असते. सूर्य डोक्यावर आला की मग कुठे उतार दिसतो. सासूनं पंचमी धरली होती ती म्हणूनच. भल्या सकाळी निघालं, डोक्यावर पाटी घेऊन पायी चाललं, की बरोबर दुपारी नदी वाट देते.

दामूनं सारा जन्म पश्चिमेला तोंड करून काढला होता. नदीच्या अंगाला तो कधी गेलाच नव्हता. त्याच्या लेखी पंचमी म्हणजे पंचमी, दर्यावर तशी नदीवर.

सांगावं का? किती वेळा तिच्या मनात आलं. पण तांडेलाला त्याच्या बायकोनं पाण्याची वेळ सांगायची, ती आजच्या दिवशी?

आळीच्या तोंडाशी जानू दात घासत उभा होता. त्याच्या अंगावर खाकी सदरा होता. तारापूरला विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता, तिथे तो कामाला लागला होता आणि आळीतल्या पोरांना जीपमधून घेऊन जायचा.

"काय तांडेल, शीड लावलं नाय?"

मंजुळानं कासोटा सारखा केला, गोणपाटावर दोन्हीकडे पाय टाकून बसली आणि म्हणाली, "तुज्या तोंडातनं येतोय तेवडा वारा बस हाय आमाला."

जानू हसला. मग गंभीर झाला. "तांडेल, परवा जीप येतेय. रकवालदाराची जागा हाय अजून. खुर्ची हाय, शिट्टी हाय. काय सांगू मी सायबाला?"

"उद्या परत आलो की सांगतो," दामू म्हणाला. "ही फेरी कशी होते बघू."

मंजुळानं त्याच्या पाठीकडे पाहिलं. रखवालदारीत वाईट काही नव्हतं. चांगले चांगले जात होते. पण दामू हल्ली 'जागा' हा शब्द असा म्हणायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस अंग टाकायला जागा शोधतोय. सायकल तिनंच आणवली होती, सातपाटीच्या एका मास्तराची, म्हातारी झालेली. पाट्या जड होतात, मान अवघडते, असं तिनं सांगितलं. मान तिची कधीच अवघडली नव्हती.

सायकल चालू झाली.

दामू ती चालवायला शिकला होता किल्ल्यासमोरच्या पुळणीवर, ओहोटीच्या कडक वाळूत. तिथे पडला तरी लागत नाही आणि पडलेलं कुणाला दिसत नाही. मंजुळा मागे कधी बसली नव्हती. तिला वाटलं होतं, धक्के बसतील, पोटातलं ढवळेल, आपण ओरडू. पण त्यानं पायडल असं मारलं, की वल्हं पाण्यात शिरावं आणि आवाज होऊ नये. वाडीतली केळी, नारळी मागे सरकू लागल्या. तिच्या पायांखाली पाट्या कुरकुरत होत्या. वारा तिच्या कानात शिरत होता, आणि त्या वाऱ्यात तिच्या नवऱ्याच्या घामाचा वास होता, दर्यावरून आल्यावर यायचा तसा. वर्षभरात तो वास तिला आला नव्हता.

चांगलं चालवतो, तिनं मनाशी म्हटलं. इतकं चांगलं चालवतो, की साडेनऊला नक्की पोचणार.

पालघरात तिनं चहा मागितला.

"आताच तर घरी प्यालीस."

"तो घरचा. हा हाटेलातला."

बाकावर बसून तिनं बशीत ओतून, फुंकून फुंकून चहा प्यायला. समोरून जाणारे वळून बघत होते. सायकल, पाट्या, आणि कासोटा घातलेली बाई जी मघाशी मागच्या बाजूला घोड्यावर बसल्यासारखी बसून आली. हॉटेलवाला म्हणाला, "मावशी, घोडा चांगला हाय तुमचा."

"घोड्याला पण एक चहा द्या," मंजुळा म्हणाली.

दामूच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यानं चहा एका घोटात संपवला आणि उठला. रेल्वेचं फाटक लागायला हवं होतं, तिनं मनात नवस केल्यासारखं म्हटलंही. लांब मालगाडी आली तर बराच वेळ जातो. पण फाटक सताड उघडं होतं. दामू रुळांवरून सायकल अशी काढून घेऊन गेला, की एक मांदेलीही पाटीतून उडाली नाही.

फाटकापलीकडे डांबर संपलं. पुढे मुरूम आणि खडी. मनोरच्या बाजूला जाणारा तो रस्ता लाल, दोन्ही अंगांना सागाची पानं झडलेली, मधे मधे पळस पेटलेला. मंजुळा या रस्त्यानं आयुष्यभर चालली होती, आणि तिला वाटायचं, याचा खडान् खडा आपल्या तळव्यांना ठाऊक आहे. पण चालताना रस्ता पायांखाली असतो. आज तो समोर होता. लांबवर दिसत होता, वळत होता, झाडांत शिरून पुन्हा बाहेर येत होता. मोहाच्या झाडांखाली फुलं वेचणाऱ्या बायका ताठ उभ्या राहून बघत होत्या. एकीनं हात केला. मंजुळानंही केला, आणि हात करताना तिला आपण कुणीतरी दुसरीच आहोत असं वाटलं.

खडी सैल होती. चाक तिच्यात शिरलं की पुढचं तोंड भरकटायचं. पहिल्या एकदोन वेळा दामूनं हँडल दाबून धरलं, आणि सायकल तिरपी झाली. मग तो थांबला. खाली बघितलं, पुढे बघितलं. पुन्हा निघाला तेव्हा त्यानं हँडल नुसतं बोटांवर ठेवलं होतं, धरलं नव्हतं. चाकाला जायचं तिकडे थोडं जाऊ दिलं आणि मग कमरेनं वळवून आणलं. लाट अंगावर आली तर सुकाणू आवळून धरणारा बुडतो, हे त्याच्या हातापायांना माहीत होतं. खडीनं आपलं म्हणणं सोडलं. मंजुळाला मागे बसून ते कळलं. त्याच्या पाठीतली तार सैल झाली आणि सायकल जिवंत झाली.

"अवो, माझे पाय मेलेत," ती म्हणाली. "जरा उतरते."

तो थांबला. ती उतरली, पाय झटकले, पळसाच्या खाली जाऊन उगाच उभी राहिली. तो सायकल धरून वर सूर्याकडे बघत होता.

"वेळ हाय," तो म्हणाला. "पण रेंगाळू नको. पाणी चढायला लागलं तर पंचाईत."

खिंडीच्या चढावर दोघांनी सायकल ढकलली. माथ्यावर वाघोबाचं ठाणं. शेंदूर लावलेला वाघोबा, समोर नारळाच्या करवंट्या. तिथे थांबल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. मंजुळानं नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा ठेवला, हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. देवाला काय सांगावं ते तिला सुचेना. याला थोडा उशीर कर, असं सांगायचं? की नदीला आज लवकर मोकळी हो म्हणायचं? वाघोबाचा अंमल जनावरांवर. पाण्याचं त्याच्याकडे काय गाऱ्हाणं मांडायचं?

डोळे उघडले तर दामू सायकलजवळ नव्हता. तो झाडीत शिरला होता, आणि ऐनाची एक भली मोठी पाल्याची फांदी ओढत येत होता.

"ह्ये कशाला?"

"उजव्या हाताचा बिरेक मला दाबत नाय," तो म्हणाला. आपल्या हाताबद्दल तो आपण होऊन बोलला होता. "एकट्या डाव्यावर हा घाट उतरला तर आपण नदीत नाय, सरळ मासवणच्या बाजारात. वादळात होडी धावायला लागली तर मागं दोर सोडतो ना आमी? दोराला काय गावंल ते बांधायचं. होडीचा पाय धरून ठेवतो तो."

त्यानं फांदी मागे बांधली. गाठ दातांनी मारली. पुन्हा पाठ न फिरवता.

आणि मग घाट उतरायला लागले. मंजुळानं दोन्ही हातांनी त्याचा सदरा धरला होता. खाली दरी उघडली होती, दूर नदीची एक चकाकी, तिच्या दोन्ही बाजूंना जंगलाचे निळे थर. खडीवर चाकं खळाळत होती, मागे फांदी सरसरत होती, धुळीची लाल शेपटी उठत होती. वळण आलं की दामू अंग आत टाकायचा, आणि ती कुणी न सांगता त्याच्याबरोबर झुकायची. एक बैलगाडी चढत येत होती. बैलांनी कान टवकारले, गाडीवान तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"अवो!" मंजुळा ओरडली. "सरकारचा रस्ता झाडत चाललोय आपण!"

दामू हसला. मोठ्यानं, गळ्यातून. ते हसू ऐकून तिच्या तोंडी आपोआप ओवी आली. पाट्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका चालता चालता बांधतात तशी, पण ही आत्ताच्या आत्ता बांधलेली:

वाट गं डोंगराची, पायाला रुते खडी
धनी माझा दर्याचा, हाकारी कोरडी होडी

"काय म्हनलीस?" त्यानं वाऱ्यावरून विचारलं.

"काय नाय. पुढं बघा."

सपाटीला लागल्यावर त्यानं फांदी सोडली. आता नदीकाठची गाडीवाट. वाल खुडून झालेली शेतं, बांधावर शेवरी, मधेच बांबूचं बेट आणि त्यातून गार हवा. मंजुळा सूर्य कुठवर वर आला ते बघत होती. तिनं चहा प्यायला, पाय झटकले, देवापाशी थांबवलं. आणि एवढं करून हा माणूस बरोबर वेळेवर आला होता. तिला त्याचा अभिमान वाटत होता, आणि त्या अभिमानाचीच धास्ती. अजूनही सांगता येईल. त्या वळणाच्या आधी. त्या आंब्याच्या आधी. मागे बसून नुसतं म्हणायचं, अवो, हितलं पाणी उशिरा उतरतं.

आंबा मागे गेला. नदी आली.

दोन्ही काठ भरून, हिरवट, सुस्त. उताराचे दगड कुठेच दिसत नव्हते. पलीकडच्या काठावरचं करंजाचं झाड पाण्यात वाकून स्वतःला बघत होतं.

दामूनं सायकल थांबवली. एक पाय जमिनीवर टेकवला, दुसरा पायडलवरच. तो नदीकडे बघत राहिला. मंजुळा उतरली. पाट्यांच्या गाठी नीट असूनही तपासू लागली.

काठावर बुधा बसला होता. शेजारच्या पाड्यावरचा वारली म्हातारा. समोर म्हशी पाण्यात डुंबत होत्या. त्यानं विडी तोंडातून काढली.

"आगो कोळणी, आज इतक्या बेगीनं? तू त नेमी दुपारची येते. पानी कवा उतरते ता तुला ठावं हाय नं?"

मंजुळाचा हात गाठीवर थांबला.

"ह्यो कोन?" बुधानं विचारलं.

"घरधनी," ती म्हणाली.

"बरा हाय. गाडी बरी हाय." बुधानं पुन्हा विडी लावली. "बस आता. दिस डोकीवर यील तवा जाशील."

दामूनं सायकल एका झाडाला टेकवली. काठावरून खाली उतरला, चिखलात पाय रोवून उभा राहिला. मंजुळाला त्याची नुसती पाठ दिसत होती. सकाळपासून तीच पाठ ती बघत आली होती. त्या पाठीत काय चाललंय ते तिला खिंडीत कळत होतं, घाटात कळत होतं. आता कळेना. पाठ नुसती पाठ होती. अशीच तो घराच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचा. उद्या तो जानूकडे जाईल, तिला वाटलं. खाकी सदरा घालील, खुर्चीवर बसेल, आणि पाण्याचं पुन्हा कुणी विचारलं तर म्हणेल, मला काय म्हायत.

तो वाकला. ओंजळीनं पाणी घेऊन तोंडाला लावलं, आणि थुंकलं.

"मंजुळे," त्यानं हाक मारली. "खाली ये."

ती गेली.

"चाख."

तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. ना खारट ना गोड. इतक्या वर्षांत तिनं ते कधी चाखलं नव्हतं.

"आपलंच हाय," तो म्हणाला. "आपल्या दारातलं पाणी. हितवर चालत आलंय." त्यानं काठावरचा एक वाळका काटका उचलला आणि पाण्याच्या कडेला चिखलात खोचला. "आणि चालत परत जाणार. किनाऱ्यावर आता भरती लागली असंल, आणि ह्याला अजून खबर नाय."

त्याचा आवाज भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याचा नव्हता. तो काटक्यापाशी उकिडवा बसला आणि बघत राहिला. फेसाची एक रेघ हळूहळू समुद्राच्या दिशेनं सरकत होती. तो तिच्याबरोबर मान वळवत होता. मग उठून थोडा पुढे गेला, पुन्हा बसला, पाण्यात आलेलं एक पान सोडून दिलं आणि त्याच्या बरोबरीनं काठानं चालला. बुधानं विचारलं, "तुजा घरधनी काय हरवला का?"

"नाय," मंजुळा म्हणाली. "गावलंय त्याला काहीतरी."

तिनं झाडाखाली फडकं पसरलं. तांदळाच्या भाकऱ्या, वर भाजलेले बोंबील, कांदा. बुधाला एक भाकरी दिली. त्यानं टेंभुर्णीची पिकलेली फळं दिली. दामू आला, जेवला, पण डोळे काटक्यावर. काटका आता कोरड्यात उभा होता, आणि पाण्याची कड त्याच्यापासून हातभर खाली गेली होती. लग्नानंतर भर उजेडात, काही काम नसताना, ती दोघं अशी कधी बसली नव्हती. तो दर्यावर, ती बाजारात; तो घरी, ती पाड्यावर. पाण्यावर म्हशी फुत्कारत होत्या. पलीकडच्या जंगलात कोतवाल पक्षी ओरडत होता, एकदा दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज काढून.

"तुला ठावं होतं," दामू म्हणाला. विचारलं नव्हतं, म्हणाला होता.

मंजुळानं कांद्याची पात तोडली. "काय?"

"चहा, पाय, वाघोबा." तो तिच्याकडे बघत नव्हता. "मला वाटलं, बाईला फिरायची हौस आली."

तिला काहीतरी बोलायचं होतं. तुमच्या पाण्यात मी कशी हात घालू, असं काहीतरी. पण टेंभुर्णीची बी तिच्या जिभेवर होती, आणि ती काढेपर्यंत तो उठून गेला होता, पाण्याकडे.

सूर्य माथ्यावर आला तेव्हा उताराचे दगड एकेक करून वर आले, काळे, ओले, म्हशींच्या पाठींसारखे. दामूनं सायकल खांद्यावर घेतली. मंजुळानं पाट्या सोडून एकीवर एक ठेवल्या आणि डोक्यावर घेतल्या. पाणी मांडीला लागलं, गार. मधल्या धारेत तो थांबला, आणि बाजूला झाला.

"तू पुढं हो," तो म्हणाला. "तुला दगड ठावं हायत."

ती पुढे झाली.

पाडा नदीपासून जवळच, टेकाडावर. सोमीच्या अंगणात मंजुळा पाट्या उतरवते न उतरवते तोच बायका जमल्या. कुडाच्या घरांना नवा गेरू लावला होता. सोमी मंजुळाच्याच वयाची. मंजुळा तिच्याकडे रात्रीची राहायची, एकमेकींची बाळंतपणं, दुखणी, सुनांची गाऱ्हाणी त्यांना पाठ होती.

"आगो, आज त नवरा आनला!" सोमी म्हणाली. "इक्याला आनला का?"

"सुका हाय," दुसरी म्हणाली. "भाजून बरा लागंल."

बायका खिदळल्या. मंजुळानं चोरून दामूकडे पाहिलं. तो सायकलचं चाक फिरवून आऱ्यांत अडकलेलं गवत काढत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. पण तो म्हणाला, "खारट लई हाय. पाण्यात भिजवून घ्या आधी."

आता तर अंगण कोसळलं. कुणीतरी त्याला बाजेवर बसवलं, ताडीचा तांब्या पुढे केला. मंजुळा बोंबलांचे वाटे घालू लागली. बायका सुपांतून भात, नागली, सुकवलेली मोहाची फुलं आणत होत्या. घासाघीस, हसणं, पुन्हा घासाघीस. आज ती या अंगणात असताना प्रथमच कुणीतरी तिला बघत होतं, असं तिच्या लक्षात आलं. दामू ताडी हातात धरून बसला होता, पीत नव्हता. मंजुळा एकीला रागवत होती, दुसरीला जास्तीची मूठ घालत होती, तिसरीच्या कपाळाला हात लावून ताप बघत होती. त्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती. होडीवर नवा माणूस आला की पहिले काही दिवस तो असाच तांडेलाकडे बघत राहतो.

"कोळणी, होळी झाली का बेगीनं ये," सोमी म्हणाली. "पंचमी नको लावू. पोराचा लगीन हाय माझ्या. बीजेला ये. जवळा जास्त आन, बोंबील जास्त आन."

"बीजेला?" मंजुळा थबकली. बीजेला ती सहसा निघत नसे. किनाऱ्यावर बीजेला पाणी केव्हा तळाला जातं ते दामूला झोपेत विचारलं तरी त्यानं सांगितलं असतं. आणि नदी किती मागे राहते ते तर त्यानं आज सकाळभर बसून काटक्यानं मोजलं होतं. तिनं उत्तरासाठी त्याच्याकडे पाहिलं.

दामूनं तांब्या खाली ठेवला. बाजेवरून उठला. अंगणात सगळ्यांदेखत, सातपाटीचे जुने तांडेल जसे एकमेकांना विचारतात त्या आवाजात, त्यानं तिला विचारलं,

"बीजेला हितं पाणी कवा उतरतं?"

सुपं थांबली. बायकांना त्यात थांबण्यासारखं काही नव्हतं. त्या मंजुळाच्या तोंडाकडे बघून थांबल्या. तिनं एकदा त्याच्याकडे, एकदा टेकाडाखालच्या नदीकडे पाहिलं.

"सासूबाईसंगं आले होते एकदा," ती म्हणाली. "गुरं सकाळची चरून पहिल्यांदा पाण्यावर येतात ना, त्या वक्ताला. करंजाची सावली काठ सोडून पाण्यात पडते, तवा मधला दगड दिसतो. तो दिसला की घुसायचं. बाकीचे दिसायची वाट बघायची नाय."

"गुरं पाण्यावर. करंजाची सावली. मधला दगड," दामू पुटपुटला. नव्या जागेच्या खुणा पाठ करताना खलाशी पुटपुटतो तसा, बोटांवर, आणि उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांवर. एकदा म्हटलं. मग पुन्हा एकदा.

मंजुळा खाली बसली आणि पाटीत हात घालून बोंबील मोजू लागली. मोजणं चुकलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.